अर्जुना गुळव्याची ओलेती पूजा

गुऱ्हाळावर सगळे पुरुष उघडे असतात. असणारच. काहिलीत रस रटरटत असतो, खाली चुलवाण धडधडत असतं आणि वाफ अशी, की समोरचा माणूस दिसू नये. अशा ठिकाणी अंगात कपडा ठेवणारा एक तर नवखा, नाही तर खुळा. अर्जुना दोन्ही नव्हता. तरी इतक्या हंगामांत त्याची जाड मांजरपाटाची बंडी कुणी अंगावेगळी झालेली पाहिली नव्हती. विचारलं, की ठरलेलं उत्तर यायचं, "छातीत कफ हाय. वारं सोसत न्हाई."

चुलवाणाशेजारी कुठलं आलंय वारं! पण गडी कामाला वाघ. रसावरची मळी अशी काढायचा, की खालचा रस मधासारखा लखलखावा. तेव्हा लोकांनी त्याचा कफ मान्य करून टाकला होता.

बंडीच्या आत जुन्या लुगड्याची पट्टी करकचून बांधलेली असे आणि पट्टीच्या आत ते, जे अर्जुनाला अंगावर दिसायला लागल्या दिवसापासून नको होतं. रहिमतपूरजवळच्या एका शेतकरी घरात तो जन्मला तेव्हा त्याचं नाव हरणाबाई ठेवलं होतं. वडील पलटणीत. सुट्टीवर आले ते लेकीचं लग्न उरकूनच गेले. लेक महिनाभर कशीबशी नांदली आणि एका सकाळी वैरणीच्या विळ्यानं वेणी कापून, दिराचं धोतर नेसून जी निघाली, ती सांगलीकडे, कृष्णाकाठच्या या गावी अर्जुना होऊनच उगवली. आता त्याला ती म्हणायचं की तो, याचा काथ्याकूट ज्यांना करायचा त्यांनी खुशाल पारावर बसून करावा. तो स्वतःला तो म्हणत होता, गाव त्याला तो म्हणत होतं, ऊस तोडताना आणि काहील उचलताना त्याला कुणी सूट दिली नव्हती. पुरे झालं.

शहात्तर सालच्या आषाढात म्हाताऱ्या कोंडीबानं बॉम्ब टाकला. कोंडीबा लालासाहेबांच्या गुऱ्हाळाचा गुळव्या. म्हणजे चुना किती, भेंडीचं पाणी कवा, काहील कोणत्या क्षणी उतरवायची, सगळं त्याच्या नजरेवर. ती नजरच आता अधू झाली होती.

"मालक, मला रसाचा रंग दिसंना झालाय," तो म्हणाला. "औंदा काहील अर्जुना उतरवंल."

हे अर्जुनाला हवं होतं, याच्याइतकं दुसरं काहीच हवं नव्हतं. आणि गुळव्या होणं म्हणजे काय, तेही त्याला ठाऊक होतं. दिवाळी सरली, की हंगामाच्या पहिल्या दिवशी गुळव्यानं पहाटे नदीत बुडी मारायची, नुसत्या ओल्या धोतरानिशी यायचं आणि सगळ्या गावासमोर चुलवाणाची पूजा करून जाळ घालायचा. ओलेत्यानं. अंगावर दुसरं सूत चालत नाही. कोंडीबाच्या बापानं तसं केलं होतं आणि त्याच्याही बापानं.

ज्ञानू लालासाहेबांचा पुतण्या. या जागेवर त्याचा डोळा होता, आणि तसा तो काही वाईट माणूस नव्हता. फक्त तोंडाला कुलूप नव्हतं. तो हसून म्हणाला, "आन कफाचं काय करनार, गड्या? बिनमिशीचा गुळव्या एक वेळ चालंल, पर बंडीतला चालायचा न्हाई."

"द्येवाला कफ-बिफ कळत न्हाई," कोंडीबानं निकाल दिला.

दुसऱ्याच दिवशी अर्जुना मिरजेला हाजराबीकडे गेला.

हाजराबी मिरजेच्या एका इस्पितळात आया होती. दोन वर्षांमागे उकळती काकवी पोटावर उडून अर्जुना तिथे पुरुषांच्या खोलीत पडला होता. भाजल्या अंगाचे कपडे हाजराबीनं सोडवले, पट्टी दिसली, पट्टीच्या आतलं दिसलं. तिनं खाटेभोवती पडदा ओढला आणि बाहेर ओरडली, "या पेशंटाला मीच बघणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही." तेव्हापासून ती त्याला बेटा म्हणे. मोठ्या डॉक्टरांशी तिनंच बोलून ठेवलं होतं. हिंमत व्हायची ती अर्जुनाची राहिली होती.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मधे मान हलवली नाही, भुवई उचलली नाही.

"दोन गोष्टी करता येतील," ते म्हणाले. "एक इंजेक्शन. दर काही आठवड्यांनी घ्यायचं. मिशी येईल, आवाज फुटेल, अंग भरेल. पण छाती त्यानं जायची नाही. ती कापूनच काढावी लागेल. गाठ झालेल्या बायकांची ही शस्त्रक्रिया मी पुष्कळ केलीय. धडधाकट अंगावर कधीच नाही, हे तुला सांगून ठेवतो."

"मग आदी काय करायचं?"

"माझं विचारशील तर आधी इंजेक्शन. आज सुरू करू. हंगाम बुडणार नाही तुझा. मानवलं, तर उन्हाळ्यात कापू. कापलेलं परत लावता येत नाही, अर्जुन."

"आन फुटल्याला आवाज माघारी येतो व्हय?"

डॉक्टरांनी मान्य केलं. "नाही. तोही येत नाही."

"आन आदी कापलं तर?"

"दसऱ्याआधी माझ्याकडे तारीख नाही. मग दीड-दोन महिने हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. जड उचलणं त्याहून पुढे. गुऱ्हाळाचं काम पौषापर्यंत विसर. आणि घरचं कुणी तरी सोबत हवं. त्याशिवाय मी चाकू धरणार नाही."

हाजराबीच्या पडवीत, तंबोऱ्यासाठी वाळत घातलेल्या तिच्या नवऱ्याच्या भोपळ्यांच्या ओळीत तो गुडघे पोटाशी घेऊन बसला. आधी सुई, तर या सालचं गुळव्यापण वाचत होतं, पण पूजेला उघडं व्हायचं ते याच छातीनं. आधी चाकू, तर पूजाच हुकत होती आणि जागा ज्ञानूच्या घशात जात होती. इकडे आड, तिकडे विहीर.

"सुई घे की रे," हाजराबी म्हणाली. "मूछ आली की छातीकडं कोण बघतंय? पूजेच्या दिवशी ताप आला म्हणून सांग, पडून रहा. इतकी वर्सं खोटं बोललास, अजून एक."

"ताप येका साली येईल, आज्जी. दर साली न्हाई."

"पण मूछ नको तुला? ज्ञानू का कोण तो, चिडवतो म्हणून रडत होतास."

"पायजे की. लय पायजे." त्यानं बंडीत हात घालून पट्टीखालचं ओलं, पुळ्यांचं कातडं खाजवलं. आषाढ लागला तरी गेल्या हंगामाचे फोड बसले नव्हते. "पर मिशी न्हाई म्हणून मला कदी फोड आलं न्हाईत. मिशी न्हाई म्हणून दम कोंडला न्हाई. रातचं कूस बदलताना मिशी मला आडवी येत न्हाई, आज्जी. हे येतं."

हाजराबीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "मग विचारतोस कशाला? ठरलंय की तुझं."

ठरलं होतं खरं. पण घरचं माणूस आणायचं कुठून? आई गेली तेव्हा त्याला कुणी कळवलंही नव्हतं. उरली थोरली बहीण रंगूबाई. ती रहिमतपुरातच दिलेली.

अर्जुना दुपारच्या गाडीनं उतरला आणि तिच्या दारात उभा राहिला. रंगूबाई शेंगा फोडत होती. मान वर करून बघितलं आणि फोडतच राहिली.

"कोन पायजे?"

"अक्का, म्या हाय."

"म्या म्हंजी कोन? माजी बहीण मेली तवा म्या रडून घेतलंय. पलटणीतनं तात्या आलं नि विहिरीत गळ टाकून बसलं हुतं, ठावं हाय का? तीन दीस गळ टाकीत हुतं."

अर्जुनाला हे ठाऊक नव्हतं. तो उंबऱ्यावरच बसला. तिथूनच त्यानं सगळं सांगितलं, पट्टी, पुळ्या, डॉक्टर, चाकू. रंगूबाईच्या हातातल्या शेंगा थांबल्या.

"इतक्या वर्सांनी आलीस, आन कापून घ्याया सोबत मागतीस. साखर मागाया तरी यायचंस!" ती ओरडली आणि लगेच पदरानं डोळे पुसले. "कुणाला पाजायचं हाय म्हणून ठिवायचं म्हना ते. मला तरी कुठं हुतं सुख त्याचं, चार पोरं लोंबली नुसती." मग पुन्हा रागानं, "पर आवाज ऱ्हाऊ दे. त्यो फोडू नगंस. आईचा आवाज हाय त्यो तुज्या गळ्यात."

अर्जुनानं खोटा शब्द दिला नाही. "आदी हे व्हऊ दे अक्का, आवाजाचं फुडं बगू," एवढंच म्हणाला. रंगूबाई नवऱ्याला, भावजयीचं बाळंतपण आहे असं सांगून त्याच्याबरोबर मिरजेला आली. कुठली भावजय, कुणाचं बाळंतपण, नवऱ्यानं विचारलं नाही. नवरे विचारत नाहीत.

कोंडीबाला सांगणं सगळ्यांत अवघड गेलं. "छातीचा इलाज हाय मिरजेला. सुरवातीला मी नसणार."

"हंगामाच्या तोंडाला?" म्हातारा ओरडला. "आरं, माज्या हातानं तुला नारळ द्यायचा हुता!" आणि पाठ फिरवून बसला. त्या दिवाळीनंतर ओलेत्यानं पूजा ज्ञानूनं केली. अर्जुना तेव्हा हाजराबीच्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता, छातीभर पांढरं बँडेज आणि रंगूबाई पेज भरवते आहे. दुखत होतं म्हणजे दुखतच होतं. उगाच शौर्याच्या गप्पा कशाला. पूजेचा दिवस आहे हे आठवून तो रडलाही. पण बँडेज सुटलं त्या दिवशी त्यानं हाताचा तळवा छातीवर सपाट ठेवला आणि किती तरी वेळ उचललाच नाही. रंगूबाई म्हणाली, "आता काय इस्तरी करतोस का?" करतोस म्हणाली. दोघांच्याही ते लक्षात आलं.

पौषात तो गुऱ्हाळावर परतला. वाळलेला, पांढराफटक, जपून पाय टाकत. अंगात सवयीनं बंडी होतीच. आणि तिथे निराळंच नाटक उभं होतं.

साल कुठलं होतं ते विसरून चालणार नाही. त्या वर्षी गावोगावच्या पुरुषांना नसबंदीसाठी धरून नेत होते. जो गडी दोन दिवस गावात दिसला नाही, त्याच्याबद्दल एकच शंका. अर्जुना तर महिनोन्‌महिने गायब, तोही इस्पितळात, आणि आला तो असा चालत!

कुणी त्याला चिपाडाचा भारा उचलू देईना. बसायला पोतं अंथरलं. ताजी काकवी वाटीभर पुढे आली. ज्ञानूनं जवळ येऊन खांद्यावर हात ठेवला, आवाज अगदी मऊ.

"गड्या, धरलं व्हय रं तुला? लगीन व्हायच्या आदीच?"

"काय धरलं?"

"आता आमच्याशी कशाला लपवतोस? छातीचा इलाज म्हनं!"

लालासाहेब खाकरले. त्यांच्यावरही गावाचा आकडा भरायचं दडपण होतंच. "अर्जुना, चुकलंच तुजं. जायचंच हुतं तर आमच्या आकड्यात तरी धरला असता तुला. मिरजंला फुकट घातलास."

सगळ्यांच्या चेहऱ्यावर अशी दया, की जणू गावातलं एक पुरुषपण उणं झालं. अर्जुनानं एकेकाकडे पाहिलं. पहिल्यांदा त्याला हसू आलं, मग राग आला, आणि त्या रागाच्या भरात, पूजेसाठी जपून ठेवलेलं त्यानं तिथेच केलं. बंडी डोक्यावरून ओढली आणि पोत्यावर टाकली.

"हितं कापलंय. बगा. हितं."

दोन लालसर वण, या काखेपासून त्या काखेपर्यंत. चुलवाणात चिपाड घालणाराही थांबला. कोंडीबा काठी टेकत आला. अधू नजरेला दिसेना म्हणून त्यानं बोटानं एक वण चाचपला.

"दुकतंय?"

"आता न्हाई."

"काय हुतं?"

"नगो हुतं ते हुतं. काडलं."

"मग बेस केलंस," कोंडीबा म्हणाला आणि चुलवाणाकडे ओरडला, "जाळ घाल की रं, काय तमाशा हाय का?"

ज्ञानूला मात्र राहवेना. "म्हंजी... खालचं शाबूत हाय?"

"तुला कशाला रं चौकशी? सोयरीक आणलीस?" अर्जुना म्हणाला, आणि सगळं गुऱ्हाळ हसून लोळलं. त्या दिवशी तो उघड्या अंगानं चुलवाणाजवळ बसला. घाम छातीवरून सरळ खाली गेला, कुठे अडला नाही.

म्हणून गुळव्याची जागा मिळाली असं नाही. तो हंगाम ज्ञानूचा होता आणि ज्ञानूनं गूळही बरा काढला. चैत्रात अर्जुनानं सुई सुरू केली. तेलासारखं औषध, कमरेत टोचलं की दोन दिवस ठसठसायचं. आवाज मिसरूड फुटणाऱ्या पोरासारखा चिरकायला लागला, आणि ज्ञानूला वर्षभराचं चिडवायचं साधन मिळालं: "आरं, कापलं त्यात कफच निघाला का काय तुजा!" रंगूबाईला भेटून तो आधीच आला होता. तिनं त्याला ओसरीवर बसवून आईच्या जात्यावरच्या ओव्या म्हणायला लावल्या, सगळ्या, येत होत्या तेवढ्या. मग म्हणाली, "जा आता. घे तुजी सुई."

त्याच पावसाळ्यात ज्ञानूला साखर कारखान्यात कायम नोकरी लागली. गुळव्यापण त्यानं जुन्या चपलेसारखं सोडून दिलं.

सत्याहत्तरची दिवाळी सरली. त्या पहाटे नदीवरून बोचरं वारं सुटलं होतं. अर्जुना बुडी मारून ओल्या धोतरानं वर आला, सगळ्या गावासमोरून चालत चुलवाणापाशी गेला. अंगावर काटा, दातावर दात. ओठांवर नुकती धरलेली मिशी पाण्यानं चिकटलेली. कोंडीबानं त्याच्या हातात नारळ दिला.

"आटप बिगीनं," कोंडीबा पुटपुटला. "छाती जप. कफाचा मानूस तू."

पण अर्जुना काही आटपेना. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, एकेक फूल निवडून वाहिलं. लालासाहेब जांभया देऊ लागले, बाया कुजबुजल्या, ज्ञानू सुट्टी काढून आला होता तो म्हणाला, "आरं, गोठशील!" वारं सपाट छातीवरून सूं सूं जात होतं. अर्जुनानं आणखी एक फूल उचललं.