आधी वजन उतरव

दारव्ह्याच्या अनंतरावांची भैरवी लहानपणी अंगाने गुटगुटीत, आणि खालचा जबडा मागे. तोंड मिटलं तरी वरचे दात बाहेर डोकवायचे. ती अकरा वर्षांची असताना शाळेतल्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, यवतमाळला नेऊन दातांना क्लिप लावून घ्या. पण रजनीआत्यांनी निकाल दिला, "कायची क्लिप न् काय! गालावर मांस चढलं म्हणून जबडा दबला. आधी वजन उतरव, तोंड आपोआप बसन जागेवर." आत्यांना दातांतलं काय कळत होतं? पण फुकटचा सल्ला द्यायला कोणाच्या बापाचं काय जातं! घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, सगळ्यांनी माना डोलावल्या.

भैरवीने ते मनावर घेतलं. तिला हवं होतं ते एवढंच, तोंडावर हात न ठेवता हसायचं. आधी भात सुटला, मग रात्रीचं जेवण. घरात ताटं मांडली की ही गच्चीवर. लग्नात मैत्रिणी पंगतीला बसायच्या, ही त्यांच्या पर्सा सांभाळायची. सुरुवातीला लोक आग्रह करायचे, मग तोही थांबला. एकटं राहायची सवय होते म्हणतात. तिला झाली नाही, तिने फक्त बोलणं सोडलं.

सोळाव्या वर्षी पोरीची काडी झाली. गाल गेले आणि जबडा उलट जास्तच मागे दिसायला लागला. तेव्हा कुठे अनंतराव तिला जीपमध्ये बसवून यवतमाळला घेऊन गेले.

डॉक्टरबाईंनी एक्स-रे पाहिला. "अगं, जबडा मांसाने दबत नसतो, ते हाड आहे. उलट अंगाने भरलेल्या मुलांची हाडं पुष्कळदा लवकर वाढतात आणि वाढ लवकर थांबते. क्लिपने जबडा पुढे येतो तो हाड वाढत असेतोवरच, म्हणून तुला तर ती इतरांच्या आधी लागायला हवी होती. आता दात सरळ करू, पण जबड्याला ऑपरेशनच. थांबायला कोणी सांगितलं?"

"सगळ्यांनी," भैरवी म्हणाली.

घरी पोचेस्तोवर दिवे लागले होते. तिला कडकडून भूक लागली होती, कित्येक वर्षांत लागली नव्हती तशी. हातपाय धुऊन ती ताट घेऊन बसली.

"आई, मले वाढ."

आईने आधी टोपल्यात पाहिलं, मग तिच्याकडे. "तुह्यासाठी पोळ्या टाकल्याच नाही वं. तू जेवतच नाही ना."

आणि लगबगीने कणीक काढत तिने विचारलं, "किती खाशीन?"

आपण किती पोळ्या खातो, हेच भैरवीला आठवेना. डॉक्टरबाईंसमोर न आलेलं रडू तिला तेव्हा फुटलं.