फाइलींचं बारसं

विनायकराव पांढरीपांडे यांना वर्णन केल्याशिवाय कुठलीच वस्तू खरी वाटत नसे. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले, तरी खोड गेली नाही. चौबे कॉलोनीतल्या त्यांच्या घरी लोणच्याच्या बरणीवरही चिठ्ठी असे: शीर्षक, कर्ती, साल, विषय कैरी. पाहुणे हसत. तेही हसत आणि म्हणत, "आमच्या डोक्यात मेंदू नाही, कपाट आहे. त्याचीही किल्ली हरवलेली."

अशा माणसाला एका संशोधन संस्थेनं कामाला बोलावलं, म्हणजे माकडाच्या हाती कोलीतच दिलं. संस्थेतले जुने प्रबंध स्कॅन झाले होते, पण संगणकाच्या पोटात ते नुसते आकडे होऊन पडले होते. प्रत्येक फाइल उघडायची आणि लेखक कोण, शीर्षक काय, विषय कोणता हे रकान्यांत भरायचं, म्हणजे शोधणाऱ्याला ती सापडेल. तिथे याला मेटाडेटा म्हणत. विनायकराव म्हणत, फाइलींचं बारसं.

आल्या आल्या त्यांनी प्रमुख निधी मॅडमना एक नियमावलीच लिहून दिली. मॅडम वयानं त्यांच्या मुलीएवढ्या. नियमावलीतला त्यांचा लाडका नियम असा: माणूस एक, तर मुख्य नाव एक. नाव बदललं असेल तर नवं नाव मुख्य. जुन्या नावानं शोधणाऱ्याला सूची नव्याकडे धाडेल. मॅडम म्हणाल्या, "दादा, आप जैसा बोलें." एवढ्यावर आमचे दादा कितीतरी दिवस छाती काढून चालत होते.

मग एके दुपारी एक फाइल उघडली. 'अभनपुरच्या आठवडी बाजारातली मापं आणि घासाघीस.' लेखिका, कु. वनमाला हरकरे.

विनायकरावांना हसू फुटलं. ही तर घरचीच! त्यांच्या बायकोनं लग्नाआधी लिहिलेला प्रबंध. लग्नात त्यांनी ताम्हणातल्या तांदळांत अंगठीनं 'पद्मजा' लिहिलं, तेव्हापासून ती पद्मजा. पुढे तिचे लेख छापून आले, तेही पद्मजा पांढरीपांडे याच नावानं. नियम स्पष्ट होता. मुख्य नाव पद्मजा. वनमालेला शोधाल तर पद्मजेकडे जा. त्यांनी भरलं आणि पुढच्या फाइलीकडे वळले. सोमवारी ही सूची सगळ्या जगाला खुली होणार होती.

संध्याकाळी त्यांनी फोनवर काढलेला त्या नोंदीचा फोटो तिच्यापुढे धरला, नवी साडी आणल्याच्या थाटात. "पाहा, तुझा प्रबंध! आता कुठूनही सापडेल."

पद्मजाबाईंनी चष्मा लावून पाहिलं. "हा प्रबंध कोणी लिहिला?"

"तूच की."

"वनमालानं लिहिला. अभनपुरच्या बाजारात उन्हात कोण बसत होती? मापाड्यांची बोलणी कोण खात होती? पद्मजा तवा जन्मलीच नव्हती. ते तुमच्या ताम्हणात जन्मली. मले माझा प्रबंध माझ्या नावानं पाहिजे."

"अगं, पण नियम आहे ना."

"कोणाचा?"

"संस्थेचा," विनायकराव म्हणाले, आणि इतकं कच्चं खोटं बोलल्याबद्दल त्यांना स्वतःचीच कीव आली.

"अन् तांदळात लिहिलं तवा मले विचारलं होतं काय? काहून पद्मजा?"

विनायकराव आठवू लागले. नाव आईनं निवडलं होतं. त्यांनी फक्त अक्षर सुबक काढलं होतं, आणि त्या अक्षराचं कौतुक नंतर कैक वर्षं लोकांना ऐकवलं होतं. पिवळ्या पानांवर भिंग धरून लेखकाचं नाव हुडकणारा हा पंडित! घरातल्या जिवंत बाईचं नाव पुसताना त्याला एक शब्द विचारावासा वाटला नव्हता. त्यांना मनापासून लाज वाटली. लाजेपायी ते जेवण नको म्हणाले, आणि नंतर दोन पोळ्या जास्तच खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी ते मॅडमपुढे उभे राहिले. "मॅडम, नियम चुकला."

"किसने बनाया था, दादा?"

"होता एक गाढव. आता जे नाव प्रबंधावर, तेच मुख्य. नंतरचं नाव खाली."

"फिर तो अब तक की सारी महिलाओं की फाइलें दोबारा करनी पड़ेंगी!"

"हव," विनायकराव म्हणाले. "मीच करतो. बारसं मीच बिघडवलं आहे."

मग ते फाइलीमागून फाइल उघडत बसले. किती बायकांना आपण किती निवांतपणे दुसऱ्याच नावाकडे पाठवून दिलं होतं, ते मोजायची त्यांची छाती झाली नाही.

सोमवारी सूची खुली झाली. त्यांनी 'वनमाला हरकरे' टाकलं, आणि अभनपुरचा बाजार समोर उभा राहिला. खाली, बारीक अक्षरात, पद्मजा. त्यांना इतका आनंद झाला की ते डबाही न उघडता घरी निघाले, आणि चपला काढायच्या आधीच दारातून हाक मारली.

"वनमाला!"

मग पुन्हा, जरा मोठ्यानं.

"अगं वनमाला!"

पद्मजाबाई हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या मागे, उघड्या दाराकडे.

"कोण आली हो?" त्या म्हणाल्या. "आत बोलवा न तिले. बाहेर काहून उभी ठेवली?"