डालग्याखाली कोण?

जगातल्या कोणत्याही दोन जिवांना एका ताटात जेवायला लावता येतं, यावर माझ्या कोल्हारच्या घरमालकिणीइतका पक्का विश्वास असलेलं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. मी तिथल्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले तेव्हा त्यांच्या अंगणातली कडेची खोली मला मिळाली. सुना त्यांना आत्याबाई म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. आत्याबाईंकडे कुत्रा आणि मांजर एकाच थाळीत दूध पीत; म्हणजे कुत्रा पिई आणि मांजर लांबून बघत बसे, पण थाळी एक होती. बांधावरून बोलणं टाकलेल्या दोघा भाऊबंदांना त्यांनी एकदा ओट्यावर बसवलं आणि दोघांत मिळून एकच चहा दिला, एकाला कप, दुसऱ्याला रिकामी बशी. कपवाल्यानं बशीत ओतायचा. तो ओतेपर्यंत त्या दोघांनाही उठू देईनात. शेवटी त्यानं ओतला. बांधाचं भांडण मिटलं की नाही ठाऊक नाही, पण ते दोघं पुन्हा त्या ओट्यासमोरून गेल्याचं मी पाहिलं नाही.

ही एकाहत्तर-बहात्तरची गोष्ट. आत्याबाईंच्या गावरान कोंबड्यांची म्होरकी एक तांबडी होती. ती माझ्या ट्रंकेवर अंडं घाली आणि मी उचलायला गेले की मलाच खोलीबाहेर काढी. त्यात आत्याबाईंनी सरकारी योजनेतल्या काळ्याभोर, गुबगुबीत कोंबड्या आणल्या. त्या इतक्या गरीब की चिमणी आली तरी दाण्यावरून बाजूला सरत. तांबडीनं पहिल्याच दिवशी एकीच्या शेपटीची पिसं उपटली. आत्याबाई संध्याकाळी काळ्यांना हळद-तेल लावत आणि तांबडीच्या सात पिढ्या उद्धरत.

"आत्याबाई, वेगळं खुराडं करा ना," मी एकदा म्हटलं.

"वेगळं खुराडं? बाई, आज कोंबड्यांना दिलं, तर उद्या सुना मागतील."

सुनांनी मागून झालं होतं, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. थोरली संगमनेरची, सगळं ऐकून घेणारी. धाकटी खर्ड्याची, काहीच ऐकून न घेणारी. तिनं पडवीत स्वतःच्या हातानं नवी चूल घालून ठेवली होती. सारवलेली, वाळलेली, अजून न पेटवलेली. ती पेटली की घर दोन होणार, मग जमीन, मग विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या. नवऱ्यामागं आत्याबाईंनी हे घर एकटीनं धरून ठेवलं होतं आणि ते डोळ्यांदेखत फुटू द्यायची त्यांची तयारी नव्हती. त्या चुलीसमोरून जाताना त्या तिच्याकडे मुळीच पाहत नसत, आणि न पाहण्यासाठी मान किती वळवावी लागते ते मी रोज बघत होते.

आधी त्यांनी तांबडीला हातात घेतलं. डालगं म्हणजे कोंबड्या झाकायची बांबूची मोठी टोपली. भर अंगणात, सगळ्यांच्या मधोमध, आत्याबाईंनी तांबडीला एकटीला डालग्याखाली घातलं. बाहेर बाकीच्या मोकळ्या. फटीतून आपलं राज्य जाताना बघून तांबडी अशी ओरडे की मला वह्या तपासणं मुश्कील झालं. पण आत्याबाई ढळल्या नाहीत. आठवड्याभरानं डालगं उचललं, तेव्हा ती नव्या नवरीसारखी बिचकत बाहेर आली. तोवर बाकीच्यांच्या जागा ठरून गेल्या होत्या. तिला शेवटची मिळाली. एका काळीनं तर तिच्यावर चक्क चोच उगारली.

"बघितलं?" आत्याबाई म्हणाल्या. "वाईट कुनीच न्हाई. थोडं बाजूला बसवलं की रग उतरती."

इथं थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण ठरवलं की करायचंच, हा त्यांचा खाक्या. त्यांनी खर्ड्याच्या सुनेला नवं लुगडं नेसवलं आणि मोठ्या मायेनं चार दिवस माहेरी धाडलं. ना सण, ना लग्न, ना भाऊ न्यायला आलेला. लेक एकटी एसटीतून उतरलेली पाहून तिच्या माहेरी जे व्हायचं ते झालं. दोन दिवसांत भाऊ आणि चुलता तिला घेऊन दारात हजर.

"आमच्या पोरीचं काय चुकलं ते सांगा!" चुलता ओट्यावर न बसताच म्हणाला.

आता डालग्याची गोष्ट पाहुण्यांना कशी सांगणार? कोंबडीला माहेर नसतं, एवढी एक बाब आत्याबाईंच्या ध्यानातून निसटली होती.

"चुकलं न्हाई काई. इसाव्याला धाडली हुती," त्या म्हणाल्या.

"मला नगं इसावा," धाकटी कडाडली. "आता चूलच पेटवते!"

ती काड्यापेटी घेऊन पडवीकडे निघालीसुद्धा. थोरलीनं ती तिच्या हातातून अलगद काढून घेतली. "उन्हातान्हाची आलीस. आधी न्हाऊन घे, पानी तापवते," म्हणाली. आणि धाकटी निमूट गेली. आमच्यापैकी कुणीच तेव्हा त्याचा विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर आत्याबाई ओट्यावर बसलेल्या. मला म्हणाल्या, "त्या लिंबाखाली बघा." लिंबाच्या सावलीत तांबडी आणि काळी एकाच खळग्यात मातीत लोळत होत्या. "आता बघा," म्हणत त्या रेशनच्या मिलो ज्वारीनं भरलेलं सूप घेऊन उठल्या. सगळ्या धावत आल्या. आत्याबाईंनी सवयीनं तांबडीला पायानं मागं सारलं, काळीपुढं मूठभर दाणे टाकले, आणि तांबडीनं तिथल्या तिथं काळीला टोचलं. आत्याबाई परत बसल्या. सूप मांडीवर ठेवलं.

"मी उठले की भांडान उठतं," म्हणाल्या. "डालग्याखाली भलतीलाच घातली बाई म्या."

सकाळी त्यांनी गाठोडं बांधलं. लग्न होऊन आल्यापासून चार रात्री सलग ज्यांनी हे घर सोडलं नव्हतं, त्या लेकीकडं राहुरीला निघाल्या. कमरेच्या किल्ल्या काढून खुंटीला अडकवल्या. "कुनाच्या हातात देत न्हाई. हितंच ऱ्हाऊ द्या," एवढं बोलून गेल्या.

दोन-तीन दिवसांत पडवीतून धूर निघाला. मी वह्या तशाच टाकून उठले. जाऊन पाहते तर धाकटी नव्या चुलीवर भाकरी थापत होती आणि आत थोरलीचं कालवण शिजत होतं.

"येका चुलीवर दोघींचा लई येळ जातो, बाई. आता झटक्यात आटोपतं," धाकटी म्हणाली. आधी तिनं ती चूल घर फोडायलाच घातली होती का, हे तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

महिन्याभरानं आत्याबाई परतल्या. घरावर दोन जागी धूर त्यांना रस्त्यावरूनच दिसला असणार. आत न जाता गाठोडं मांडीवर घेऊन त्या ओट्यावर बसून राहिल्या.

"पेटली," म्हणाल्या. त्यांचा तो चेहरा मला बघवेना.

तेवढ्यात धाकटी ताट घेऊन आली, त्यात गरम भाकरी. मागून थोरलीनं येऊन कालवण वाढलं. आत्याबाईंनी पडवीकडं पाहिलं, सैपाकघराकडं पाहिलं.

"येकाच ताटात?"

"मग काय दोन ताटांत जेवनार हाय का तुमी?" धाकटी म्हणाली.

आत्याबाईंनी घास घेतला आणि डोळ्यांना पदर लावला. "तिखट लई झालंय."

"न्हाई झालेलं, आत्याबाई," थोरली म्हणाली. तिनं त्यांना उलट उत्तर दिलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

माझी बदली झाली तोवर किल्ल्या खुंटीलाच होत्या; जिला लागेल ती काढून घेई. कोंबड्यांना दाणे आता सुना टाकत, एक इकडून, एक तिकडून. आत्याबाई ओट्यावरून बघत. दाण्यांचा आवाज झाला की गुडघ्यावर हात ठेवून अर्ध्या उठत, मग पदर सारखा करून पुन्हा खाली बसत. मला त्यांची फार आठवण येते, आणि आठवतात त्या अशाच, अर्धवट उठून बसलेल्या. तांबडीवर निदान डालगं तरी घातलेलं होतं.