अकरा लगडींचं माहेर

वस्तुसंग्रहालयाच्या प्रयोगशाळेत तिला सगळे शिसेबाई म्हणत. सव्वीस वर्षं ती जुने धातू तपासत होती. कोणी घाई केली की तिचं उत्तर ठरलेलं, "धातूला विचारते, मग सांगते."

जुन्या बंदराच्या उत्खननात शिशाच्या अकरा लगडी सापडल्या, दोन हजार वर्षांपूर्वीच्या. संचालकांनी पाटीही लिहून टाकली : ‘समुद्रापलीकडून आणलेलं शिसं’. शिसेबाईने प्रत्येक लगडीचा कणभर तुकडा आम्लात विरघळवून तपासला. शिशाचे अणू चार वेगवेगळ्या वजनांचे असतात. त्यांचं आपसातलं प्रमाण खाणीगणिक बदलतं आणि शिसं वितळवलं तरी तेच राहतं. पण समुद्रापलीकडच्या खाणींशी एकही लगड जुळेना.

"यंत्र बिघडलं असेल," संचालक म्हणाले.

तिने तीनदा तपासलं. आकडे तसूभर हलले नाहीत.

तिचा संशय जवळच्या डोंगरातल्या बंद खाणीवर होता. पण पडताळायला तिथला एक खडाही कोणाकडे नव्हता. मग तिला मामा आठवले. ऐन तरुणपणी त्यांनी त्याच खाणीत काम केलं होतं. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते.

"खाण केव्हाच पाण्याखाली गेली," मामा म्हणाले. "पण आम्ही बाहेर फेकलेले दगड कोण नेणार? चल."

"तुमचे गुडघे?"

"ते माझ्याबरोबर येतील. त्यांना कोण विचारतंय?"

दोन दिवस दोघांनी खाणीबाहेरचा तो दगडांचा ढीग उपसला. "नुसतं चमकतं त्याला भुलू नकोस," मामा सांगत. "दगड हातात घे. दिसतो त्यापेक्षा जड लागला, तर तो तुझा." तिची नखं तुटली, मामांची पाठ धरली. अखेर शिशाच्या खनिजाचे सात खडे हाती लागले.

प्रयोगशाळेत खडे तपासले, तेव्हा नऊ लगडी त्या खाणीशी जुळल्या. दोन मात्र कशाशीच नाहीत.

"त्या दोन वगळा, म्हणजे अहवाल नीटनेटका होईल," संचालक म्हणाले.

"वगळणार नाही, सर. जुळत नाही, तेही लिहायचं."

संचालकांनी अकराही लगडींचे आकडे एकेक करून ताडून पाहिले. मग त्यांनी जुनी पाटी स्वतः काढली. नवी तिने लिहिली : ‘नऊ लगडी इथल्याच डोंगरातल्या. दोन कुठल्या, अजून माहीत नाही.’

मामा काठी टेकत पाहायला आले. पाटी दोनदा वाचून म्हणाले, "माहीत नाही, असं लिहायला तुला लाज नाही वाटली?"

"खोटं लिहायला वाटली असती," ती म्हणाली. त्याच आठवड्यात तिने दूरच्या तीन खाणींना खनिजाचे नमुने मागणारी पत्रं धाडली.