सरांचा ड्रम

आमच्या शेजारचे सर लातुरात नीटच्या पोरांना जीवशास्त्र शिकवतात. कुठलीही साथ आली की त्यांना आजार दिसत नाही, प्रश्न दिसतो. "डेंग्यूच्या विषाणूवर यंदा एक येणारच," म्हणतात. साठवलेल्या पाण्यात अंडी घालणारी डासाची मादी ते फळ्यावर सुरेख काढतात. डासअळ्या तपासायला आलेल्या आशाताईंनी दारातला ड्रम रिकामा करायला सांगितला, तेव्हा मात्र म्हणाले, "ताई, नळ कधी येणार ते सांगा अगोदर."

शेवटी सरांनाच डेंग्यू झाला. मी दवाखान्यात भेटायला गेलो. सलाईन लावलेल्या हातानं त्यांनी मला जवळ बोलावलं. वाटलं, निरवानिरवीचं काही सांगतील.

"फवारणीवाले गल्लीतले ड्रम ओतून द्यायलेत म्हणं. आमचा तेवढा वाचवा."

मी हो म्हटलं. आमचाही भरलेलाच होता.