बर्फात लागलेलं ऊन

मी नागपूरच्या धरमपेठेतल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. वर्गात कुणी भुताखेतांचं काढलं की त्याला "सिद्ध करून दाखव" म्हणून गप्प बसवायचे. पुढचं वाचून कुणी मला तेच म्हणालं, तर माझी तक्रार नाही...

सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं. रामदासपेठेत क्षयरोग्यांचा एक छोटा धर्मादाय दवाखाना होता — दहा खाटा, एक्स-रे मशीन नाही. आम्ही चौघी मैत्रिणींनी ठरवलं, हिमालयातलं एक शिखर चढायचं आणि त्या निमित्तानं मशीनसाठी वर्गणी जमवायची. सीताबर्डीच्या दुकानदारांनी आमची भरपूर थट्टा केली, पण वर्गणीही दिली.

त्या दवाखान्यात गंगाबाई होत्या. उमरेडकडच्या, पन्नाशीच्या. खाटेपासून नळापर्यंत जाताना तीनदा थांबायच्या. मी निरोप घ्यायला गेले, तर त्या मलाच चालायला शिकवू लागल्या. "चूल फुंकते तसा लांब श्वास सोड वं पोरी. आधी फूक, मंग पाय." मला मनातून हसू आलं. शहाणपणाचा माज, दुसरं काय.

शिखर झालं. उतरताना एकीला उलट्या सुरू झाल्या, म्हणून दोघी तिला घेऊन पुढे गेल्या. उतार सोपा होता. आमच्या पावलांवरून सावकाश ये, म्हणाल्या. तेवढ्यात धुकं आलं. दुपारचे दोन वाजले असतील. डोकं ठणकायला लागलं, अंगाची लाही लाही झाली... माणूस थंडीनं गोठायला लागला की शेवटी असंच उकडतं, हे मला ठाऊक होतं. पण जन्म नागपुरात गेलेला. मला एकच सुचलं — ऊन लागलं. टोपी काढली, जाकीट उघडलं आणि सावलीत बसावं तशी एका खडकाच्या आडोशाला टेकले. डोळे मिटायला लागले.

"काहून बसली वं?"

समोर गंगाबाई. हिरवं लुगडं, अनवाणी.

"ऊन नाही हे. टोपी घाल. ऊठ."

मी उठले. त्या पुढे, मी मागे. प्रत्येक पावलाआधी त्यांची लांब फूक ऐकू यायची, मीही तशीच फुंकत चालले. किती वेळ, माहीत नाही. आमचा तंबू दिसला तेव्हा पुढे कुणीच नव्हतं.

दमलेल्या मेंदूला काहीही दिसतं, असं स्वतःला समजावलं आणि कुणालाही बोलले नाही.

नागपूरला उतरले तेव्हा स्टेशनबाहेर भाजून काढणारी लू वाहत होती. तशीच दवाखान्यात गेले. गंगाबाईंच्या दोन्ही पायांना बँडेज होतं. तिथले डॉक्टर पूर्वी लष्करात, पहाडावर होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "गेल्या आठवड्यात मंगळवारी दुपारी यांची बोटं एकाएकी काळीनिळी पडली. बर्फात सैनिकांचे असे पाय मी पाहिलेत. पण इथे, मे महिन्यात... केस पेपरवर काय लिहू?"

मंगळवारीच आम्ही शिखर उतरलो होतो.

खाटेपाशी जाऊन बसले. त्यांनीच माझा हात ओढून घेतला.

"काहून रडून राहिली? बोटंच तर आहेत."

"तुम्ही कशाला आलात, गंगाबाई?"

"तू बसून राहिली होती. मले दिसली. मंग काय तुले तशीच सोडून देऊ?"

पुढे मशीन आलं. गंगाबाईंचे पाय भरून येईपर्यंत रोज सकाळी मी ड्रेसिंग करायला जात होते. ती बाई तिथवर कशी आली, हे मला आजही सांगता येत नाही.