मुरबाडच्या प्रेसमधला मदरबोर्ड

ही हकीकत मी वीसेक वर्षं टाळली. कोणी विषय काढला की चहा सांगायचो. आता सांगतो, आणि ज्यांना माझं नाव चांगलं वाटतं त्यांच्यासाठीच मुद्दाम सांगतो.

मुरबाडच्या एका प्रेसमधला जळालेला कॉम्प्युटर मी विंडोज न बदलता परत उभा केला, हे आमच्याकडे पुष्कळांना ठाऊक आहे. खरं आहे ते. पण तो कोणी जाळला, याबद्दल जे सांगतात ते खोटं आहे.

माझं दुकान शहापूरला होतं. आधी रेडिओ-टीव्ही, मग कॉम्प्युटर. पूर्वी रेडिओ दुरुस्तीचा क्लास चालवायचो, म्हणून सगळे मास्तर म्हणायचे. दोन हजार सालानंतरची लग्नसराई होती. प्रेसचे मालक नाना यांचा निरोप आला की मशीन अडखळतंय. किन्हवलीमार्गे स्कूटरने गेलो. कॉम्प्युटरची पेटी उघडली तर आत धुळीचा थर. सगळं सोडवून ब्रशने साफ केलं आणि परत जोडलं.

इथे एक गोष्ट समजून घ्या. पेटीतल्या मोठ्या हिरव्या पाटीला मदरबोर्ड म्हणतात. बाकीचे सगळे भाग तिच्यावर बसतात. त्या काळच्या बोर्डाला वीज द्यायला दोन कनेक्टर असायचे, दिसायला अगदी सारखे. ते शेजारी शेजारी लावायचे, दोन्हींच्या काळ्या वायरी मधे येतील असे. अदलाबदल झाली तरी ते बसतात. बोर्ड मात्र जळतो. हे मी क्लासमध्ये पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो.

त्या दिवशी मी ते उलटे लावले. घाई नव्हती, अंधार नव्हता. मी बघितलंच नाही.

प्रेसची ऑपरेटर सुनंदा. जवळच्या एका वाडीवरची. घरची बोली वेगळी, पण शाळेच्या हेडमास्तरांच्या मजकुरातल्या चुका ती काढायची आणि हेडमास्तर निमूट मान्य करायचे. मी टेबलामागे वाकून प्लग दाबून धरला होता. ओरडलो, "सुनंदा, चालू कर गो!"

तिने बटण दाबलं. फट् आवाज झाला आणि जळका वास आला.

नाना बाहेर गिऱ्हाइकाला पत्रिकांचे नमुने दाखवत होते. धावत आत आले. "कोणी चालू केलं?"

"मीच केला, नाना," सुनंदा म्हणाली. "मास्तर बोलले चालू कर म्हणून."

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "म्हटलं होतं. पण लाइट खालीवर होत होती. जरा बघून दाबायला हवं होतं."

एवढंच म्हणालो. लाइट त्या दिवशी अगदी सरळ होती.

"दुपारच्या गाडीने घरी जा. उद्यापासून येऊ नको," नाना म्हणाले.

"मास्तर, तुमी सांगा ना यांना. लाइट सरळच होती ना?"

मी स्क्रू ड्रायव्हर पिशवीत भरत होतो. तिने डबा उचलला आणि गेली.

आता माझ्या पराक्रमाचा भाग. कल्याणच्या व्यापाऱ्याकडून दुसऱ्या दिवशी नवीन बोर्ड आणला. तो म्हणाला, "काका, फॉर्मॅट मारा, विंडोज नवीन टाका. कशाला डोकं लावता?"

फॉर्मॅट म्हणजे हार्ड डिस्क पुसून कोरी करणं. मी हे नानांना सांगितलं तर ते खालीच बसले. त्यांचं मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर एका फ्लॉपीवरून टाकलेलं होतं, आणि त्या फ्लॉपीवर किती वेळा टाकता येईल याचा आकडा ठरलेला असायचा. तो संपला होता. "मास्तर, डिस्क पुसलीत तर माझी मराठी गेली. लग्नं काय इंग्रजीत लावू?"

"पुसत नाही," मी म्हणालो.

आजही पोरं उठसूट फॉर्मॅट मारतात. मारा. पण पेशंटला ताप आला म्हणून डोकं बदलत नाहीत. विंडोज ९८ आपल्या पेटीतल्या एकेक भागाची यादी ठेवायचं. बोर्ड बदलला की यादीतला बोर्ड आणि समोरचा बोर्ड जुळत नाही, आणि मशीन मधेच गोठतं. विंडोज बिघडलेलं नसतं, त्याची यादी जुनी झालेली असते.

नवा बोर्ड बसवला. या वेळी कनेक्टर तीनदा तपासले. चालू करताना F8 दाबून सेफ मोडमध्ये गेलो. म्हणजे विंडोज कमीत कमी सामानावर चालवायचं. रजिस्ट्री उघडली. ती विंडोजची वही. तिच्यातलं एनम नावाचं पान, म्हणजे हीच यादी, उडवून दिलं. मशीन बंद करून परत चालू केलं. विंडोज नव्या पाहुण्यासारखं घरभर हिंडायला लागलं. हे सापडलं, ते सापडलं. मग म्हणालं, सीडी टाका. पण सीडी ड्राइव्हच त्याला अजून सापडला नव्हता! इथे बरेच जण हात टेकून फॉर्मॅट मारतात. मला हे आधी एकदा नडलेलं होतं, म्हणून डॉसमधून, म्हणजे विंडोज न उघडता, विंडोजची सीडी आधीच डिस्कवर उतरवून ठेवली होती. तिचा पत्ता दिला. चारेक वेळा बंद-चालू झालं, आणि डेस्कटॉप आला.

राहिलं मराठीचं सॉफ्टवेअर. ते उघडलं. कुठलं अक्षर कुठल्या बटणावर, हे मलाही माहीत नव्हतं आणि नानांनाही. ज्या बाईला माहीत होतं ती घरी बसली होती. मग मी तिनेच अर्धी टाइप केलेली एक पत्रिका उघडली. गणपती, कुलदेवता, वराचं नाव. सगळी अक्षरं जागेवर. वधूच्या नावाशी तिचं काम थांबलं होतं.

नानांनी माझे हात धरले. त्यानंतर ते बाजारपेठभर सांगत सुटले, "पोरीने मशीन जाळलं, मास्तरांनी जिवंत केलं." ते इतकं पसरलं की मुरबाडात दुसऱ्या कुठल्या प्रेसने, झेरॉक्सवाल्याने तिला मशीनला हात लावू दिला नाही. मला मात्र त्या एका कामावर पुढची कामं मिळत गेली.

इतक्या वर्षांनी, आता अलीकडे, मी नानांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "मास्तर, आता कशाला उकरताय? कोणाच्या लक्षात आहे?"

"तिच्या आहे. तुम्ही ज्यांना सांगितलंत त्यांना परत सांगा."

"मी नाय सांगणार. माझी शोभा होईल."

"मग मी सांगेन. आधी माझी होईल, मग तुमची."

तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. नका बोलू. घरचे म्हणतात, या वयात नाव कशाला घालवता. नाव माझं आहे, कुठे घालवायचं ते मी ठरवीन. बोर्ड सुनंदाने जाळला नाही, मी जाळला. आणि धंद्यातल्या पोरांना सांगतो, उलटी लागलेली वायर सरळ करता येते, पण तोंडातून गेलेलं वाक्य सेफ मोडमध्ये जाऊन पुसता येत नाही.

नानांना सांगण्याच्या कितीतरी आधी सुनंदाच्या वाडीवर मी दोनदा गेलो होतो. दुसऱ्या वेळी घराला कुलूप होतं. शेजारी कोणी भिवंडी म्हणालं, कोणी कसारा. पत्ता कोणाकडेच नव्हता.

पहिल्या वेळी मात्र ती होती. मी रस्ताभर कबुलीचं वाक्य घोकत गेलो होतो. नवऱ्याने विचारलं, "कोण गो?"

"आमच्या प्रेसचं मशीन नीट केलेलं ना, ते मास्तर," ती म्हणाली. पाणी दिलं. मग म्हणाली, "आलात ते बरं झालं. टीव्ही बघा जरा, चित्र नाय येत."

मी टीव्ही उघडला. सोल्डरचा एक जोड सुटला होता, तो डागला आणि झाकण लावलं. "लाव आता," मी म्हणालो.

ती दोन पावलं मागे सरली आणि हात पदरात घेतले. "मी नाय हात लावत. तुमीच लावा, मास्तर."

नवरा हसला. त्याला वाटलं, बायको घाबरते. मी बटण दाबलं. चित्र आलं. ती टीव्हीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. वाट बघत होती, हे आता मला कळतं. घोकलेलं वाक्य तोंडापर्यंत आलं होतं.

मी म्हणालो, "अँटेनाची वायर जुनी झालीय. बदलून घ्या." आणि स्कूटरकडे निघालो.